केंद्रीय विद्यालयात परराज्यात नेमणूक: पगार किती, खर्च किती आणि पहिले तीन महिने कसे काढायचे

केंद्रीय विद्यालयाचं मूळ वेतन देशभर एकच असतं. पीआरटीला (प्राथमिक शिक्षक) वेतनश्रेणीची लेव्हल ६ म्हणजे ३५,४०० रुपये, टीजीटीला (प्रशिक्षित पदवीधर शिक्षक) लेव्हल ७ म्हणजे ४४,९०० आणि पीजीटीला (पदव्युत्तर शिक्षक) लेव्हल ८ म्हणजे ४७,६००. तरीही लातूर, सांगली, अमरावतीहून निघालेल्या दोन शिक्षकांपैकी एकाला बंगळुरूत महिनाअखेर ओढाताण होते आणि दुसरा आडगावी जाऊन निवांत राहतो. नेमणूक मोठ्या शहरात मिळाली की बहुतेकांना आनंद होतो, पण पैशांपुरतं बोलायचं तर तो आनंद अनेकदा चुकीचा असतो. म्हणून रुजू होण्याआधी एक संध्याकाळ कागद-पेन घेऊन बसा.

पगारपत्रक आधी घरीच मांडा

मूळ वेतनावर महागाई भत्ता मिळतो. जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के झाला, इथला हिशोब त्याच दराने आहे. जानेवारी आणि जुलैपासून तो बदलतो, त्यामुळे पुढचे आकडे तुमच्या वेळच्या दराने पुन्हा मांडा, पद्धत तीच राहील. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो: सर्वांत मोठ्या शहरांच्या एक्स वर्गाला मूळ वेतनाच्या ३० टक्के, मधल्या वायला २० आणि बाकीच्या गावांच्या झेडला १०. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर, १ जानेवारी २०२४ पासून हे दर लागू झाले. वाहतूक भत्ता या तिन्ही लेव्हलना ठरावीक १९ शहरांत ३,६०० आणि इतरत्र १,८०० रुपये, शिवाय त्यावर महागाई भत्ता.

आता टीजीटीचा हिशोब करू. ४४,९०० वर ५८ टक्के म्हणजे २६,०४२. दोन्ही मिळून ७०,९४२.

बंगळुरूत घरभाडे भत्ता १३,४७० आणि वाहतूक भत्ता ५,६८८, म्हणजे एकूण ९०,१००. त्यातून एनपीएसचे (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) १० टक्के (मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्यावर) ७,०९४ आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात ८२,८०६ येतात.

कर्नाटकातल्याच झेड वर्गाच्या गावात घरभाडे भत्ता ४,४९० आणि वाहतूक भत्ता २,८४४, एकूण ७८,२७६. त्याच कपाती केल्या तर हातात ७०,९८२.

फरक ११,८२४ रुपयांचा. बंगळुरूत शाळेपासून बऱ्या अंतरावरचं दोन खोल्या-हॉल-किचन २२,००० ला धरा आणि लहान गावात तसंच घर ८,००० ला. भाडं देऊन झाल्यावर बंगळुरूत ६०,८०६ उरतात आणि गावात ६२,९८२. रोजचा प्रवास, दूध, भाजी, कामवाली, मुलांचे क्लास हे सगळं यानंतर सुरू होतं आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट गावात स्वस्त असते. मोठ्या शहराचा वाढीव भत्ता घरमालकाच्या खिशात जातो, तुमच्याकडे फक्त पगार स्लिप जाड दिसते.

व्यवसाय कर दिल्ली, उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थानात नाही. कर्नाटक, गुजरात, तेलंगणात महाराष्ट्रासारखाच महिना दोनशेच्या आसपास कापला जातो. रक्कम किरकोळ आहे, यावरून राज्य निवडू नका.

प्राप्तिकरात घरभाड्याची सूट हा सगळ्यांचा आवडता विषय, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२५-२६ च्या दरांनुसार नव्या प्रणालीत पगारदाराला ७५,००० च्या प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य येतो. नव्या टीजीटीचं किंवा पीजीटीचं वर्षाचं उत्पन्न, इतर उत्पन्न नसेल तर, त्याच्या आतच राहतं. तेव्हा भाडेपावत्या आणि घरमालकाचा पॅन यांच्यामागे धावण्यात काही अर्थ नाही. आणि भत्त्यासाठी म्हणाल तर तो प्रत्यक्ष भाडं किती यावर अवलंबून नसतो, शाळेत घोषणापत्र भरून दिलं की पुरतं.

शाळा नेमकी कुठे येते, ते बघा

एक्स वर्गात आठच शहरं आहेत: मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद. गाझियाबाद, नोएडा, फरिदाबाद, गुरुग्रामला दिल्लीचा दर मिळतो. बेळगाव, हुबळी-धारवाड, कलबुर्गी, भोपाळ, इंदूर, वडोदरा हे वाय वर्गात. गोव्याला खास आदेशाने वायचा दर आहे, त्यामुळे सिंधुदुर्गातून गोव्यात जाणाऱ्याला लहान गावातही २० टक्के मिळतात. ही बाब फारशी कुणाला ठाऊक नसते.

वाहतूक भत्त्याची यादी मात्र वेगळी आहे. इंदूर, कोची, कोइम्बतूर, नागपूर, सुरत, जयपूर, लखनऊ हे घरभाड्याला वाय असले तरी वाहतुकीला वरच्या दरात येतात. बेळगाव, भोपाळ, वडोदरा येत नाहीत. म्हणजे इंदूर आणि भोपाळ या शेजारच्या शहरांत त्याच टीजीटीच्या पगारात २,८४४ रुपयांचा फरक पडतो.

घोळ होतो तो शहराच्या कडेवरच्या शाळांबाबत. पत्त्यात शहराचं नाव असतं, पण शाळा महापालिका हद्दीच्या बाहेर एखाद्या कारखान्याच्या किंवा हवाई दलाच्या वसाहतीत असते. हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतल्या ठिकाणांना त्या शहरावर अवलंबून असल्याच्या प्रमाणपत्रावर शहराचा दर मिळू शकतो. ते प्रमाणपत्र आहे का, चालू आहे का, हे शाळेच्या कार्यालयातल्या लिपिकाला फोन करून विचारा. प्राचार्यांपेक्षा हा तपशील त्यांना पक्का माहीत असतो. त्याच फोनवर आणखी दोन प्रश्न विचारून घ्या: शाळेच्या आवारात क्वार्टर आहे का आणि रिकामं आहे का. क्वार्टर मिळालं तर घरभाडे भत्ता बंद होतो आणि परवाना शुल्क म्हणून काहीशे रुपये कापले जातात. मोठ्या शहरात हा सौदा डोळे मिटून घ्यावा. झेड वर्गाच्या गावातही ४,४९० सोडून घर मिळतंय तर तोटा नाही, फक्त घराची अवस्था आधी बघा.

घर: आधी पंधरा दिवस थांबा

इथे बसून ऑनलाइन घर पक्कं करू नका. भाड्याच्या जाहिरातींत 'मी सैन्यात आहे, बदली झाली, टोकन पाठवा' हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे. पैसे 'मिळवण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला की समजा, पैसे जाणार. पहिले पंधरा दिवस पीजी किंवा साधं लॉज घ्या, कुटुंबाला मागाहून बोलवा. या काळात शाळेतले शिक्षक कुठे राहतात ते बघा, त्यांच्या ओळखीने मिळालेल्या घराला ब्रोकर लागत नाही.

डिपॉझिटच्या पद्धती राज्यागणिक वेगळ्या आहेत. बंगळुरूत पूर्वी दहा महिन्यांचं भाडं मागायची रीत होती, आता पाच-सहा महिन्यांवर तडजोड होते. शिवाय घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची तिथे प्रथाच आहे, करारात तसं कलम असतं. ते वाचल्याशिवाय सही करू नका. हैदराबादेत दोन-तीन महिने, दिल्लीकडे एक-दोन महिने पुरतात. बंगळुरूत 'लीज' नावाचा प्रकार भेटेल: एकरकमी काही लाख द्यायचे, महिन्याचं भाडं नाही. आपल्याकडच्या हेवी डिपॉझिटचाच तो भाऊ. घरावर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर ती रक्कम अडकते. नव्या माणसाने त्यात पडू नये.

महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवावाच लागतो. इतर बहुतेक राज्यांत अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर करून मोकळे होतात. कारण नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे. तोच अकरा महिन्यांचा कागद गॅस, बँक आणि आधारचा पत्ता बदलताना दाखवायचा असतो, म्हणून त्यावर पूर्ण पत्ता, पिनकोड आणि दोघांच्याही सह्या प्रत्येक पानावर आहेत ना, बघा. नोंदणीकृत करारच हवा असं कुणी अडून बसलं तर वाद घालू नका. शाळेकडून निवासाचं पत्र घ्या, काम होतं.

बंगळुरूत घर बघताना 'कावेरीचं पाणी येतं का?' हा पहिला प्रश्न. फक्त बोअरवेल असेल तर उन्हाळ्यात टँकर येतो आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये चढतात. चेन्नईत पिण्याचं पाणी कॅनने घ्यायची सवय लागते. २० लिटरचा कॅन ३० ते ५० रुपयांना, चौघांच्या घराला महिन्याला पंधरा-वीस कॅन. तामिळनाडूत विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं आणि एका मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडं असली तर घरमालक आपल्या दराने युनिटमागे पैसे घेतो. स्वतंत्र मीटर आहे का, ते दाखवायला सांगा.

सामान: काय न्यायचं, काय विकायचं

पहिल्या नेमणुकीला प्रवास भत्ता साधारणपणे मिळत नाही, पुढे स्वतःच्या विनंतीवरून झालेल्या बदलीलाही नाही. प्रशासकीय बदली झाली तरच मूळ वेतनाच्या ८० टक्के एकत्रित बदली अनुदान आणि लेव्हल ६ आणि त्यावरच्यांना सहा टनांपर्यंत सामान नेण्याचा खर्च मिळतो, आणि तो दावा ६० दिवसांत सादर करायचा असतो. तेव्हा पहिल्या खेपेला टेम्पो-ट्रकचा सगळा खर्च तुमचाच.

म्हणून हिशोब असा लावा: वस्तूची आजची विक्री किंमत एका बाजूला, नेण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. प्लायवूडचं कपाट, जुना दिवाण, प्लास्टिक खुर्च्या, सायकल इथेच सोडा. प्लायवूडचे सांधे एकदा उकलले की दुसऱ्यांदा घट्ट बसत नाहीत. फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर, कुकर, गाद्या, भांडी न्या. एअर कूलरचा विचार नीट करा. विदर्भ-मराठवाड्याचा कूलर जयपूर-दिल्लीत पावसाळ्यापर्यंत उत्तम चालेल, पण चेन्नई-कोचीच्या दमट हवेत पाण्याची वाफच होत नाही, त्यामुळे तो फक्त ओली हवा फेकणारा पंखा उरतो. उलट उत्तर भारतात नेमणूक असेल तर रजया, हीटर आणि गीझरसाठी पहिल्याच हिवाळ्यात आठ-दहा हजार बाजूला ठेवा. मराठी माणूस शालीवर भागेल म्हणून जातो आणि डिसेंबरात बाजार गाठतो.

पुढून कपडे घालायचं वॉशिंग मशीन असेल तर मागच्या बाजूचे ट्रान्झिट बोल्ट पुन्हा बसवल्याशिवाय गाडीत चढवू नका. ड्रम झोके खातो आणि सस्पेन्शन तुटतं. विकत घेताना ते बोल्ट फेकून दिले असतील तर सर्व्हिस सेंटरकडे मिळतात. फ्रीज उभाच न्यायचा. आडवा आला असेल तर उभा करून काही तास थांबून मगच चालू करायचा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरलेलं असतं.

पॅकर्स-मूव्हर्सकडून किमान तीन कोटेशन घ्या आणि वस्तूंची यादी जोडूनच घ्या. सर्वांत कमी भाव सांगणारा बहुतेकदा मुक्कामी पोहोचल्यावर 'सामान जास्त निघालं' म्हणून पैसे वाढवतो आणि तोवर सामान त्याच्या ताब्यात असतं. आगाऊ २० टक्क्यांहून जास्त देऊ नका. बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) 'ओनर्स रिस्क' लिहिलं असेल तर मोडतोडीची जबाबदारी तुमची. विमा वेगळा घेतलाय म्हणतात तेव्हा पॉलिसीचा कागद मागा. गाडी फक्त तुमची की इतरांच्या सामानासोबत, हेही लेखी घ्या. सोबतच्या लोडमध्ये पैसे वाचतात, पण सामान दहा-बारा दिवसांनी येतं आणि वाटेत दोनदा उतरवलं-चढवलं जातं. पुस्तकांची खोकी लहान भरा. मोठं खोकं एकाला उचलत नाही आणि मग ते आपटलं जातं.

दागिने, मूळ प्रमाणपत्रं, नेमणूकपत्र, वैद्यकीय दाखला आणि दोन आठवड्यांचं किराणा सामान स्वतःसोबत रेल्वेत.

पहिल्या तीन महिन्यांची रोकड

परराज्यात गेल्यावर माणूस अडतो तो सुरुवातीच्या रोकडीत. पहिला पगार निघायला एक-दोन महिने लागू शकतात: कागदपत्रांची पडताळणी, बँक खातं, प्रान क्रमांक (एनपीएस खात्याचा क्रमांक) यांपैकी एक अडला की त्या महिन्याचं बिल चुकतं. पगार रुजू झाल्या तारखेपासून मिळतोच, पण एकदम आणि उशिरा.

तिघांच्या कुटुंबाचा बंगळुरूतला अंदाज: पाच महिन्यांचं डिपॉझिट १,१०,०००, पहिलं भाडं २२,०००, ब्रोकर २२,०००, सामान वाहतूक ३०,०००, प्रवास आणि सुरुवातीचा मुक्काम १५,०००, पडदे-नळाचा फिल्टर-गॅस-इंटरनेट असा किरकोळ २०,०००. दुसऱ्या महिन्याचं भाडं २२,००० आणि दोन महिन्यांचा घरखर्च ५०,०००. बेरीज २,९१,०००. झेड वर्गाच्या गावात दोन महिन्यांचं डिपॉझिट, ८,००० भाडं, ब्रोकर नाही आणि घरखर्च महिना २०,००० धरला तर तीच बेरीज १,३७,००० वर येते.

ही रक्कम वैयक्तिक कर्जाने उभी करू नका. वर्षभराचा हप्ता वाढीव भत्त्याला खाऊन टाकतो. गावाकडच्या सोसायटीचं किंवा पतसंस्थेचं कर्ज आधीच चालू असेल तर त्याचा हप्ता नव्या पगारातून परस्पर कापला जाणार नाही, तो दरमहा आठवणीने भरावा लागेल. जामीनदार सहकारी शिक्षक असतात. हप्ता चुकला की फोन त्यांना जातो.

आणि या सगळ्यापेक्षा मोठा खर्च हिशोबात कुणी धरतच नाही: जोडीदाराचं बंद होणारं उत्पन्न. पत्नी किंवा पती जिल्हा परिषदेत असेल तर परराज्यात बदली होत नाही. खासगी शाळेत नोकरी असेल तर नव्या गावात पुन्हा शून्यातून. दोन पगारांच्या घराचा एक पगार गेला तर केंद्रीय विद्यालयाची वाढ त्यात बुडून जाते. उलट दोघं वेगळे राहिले तर दोन चुली, दोन भाडी आणि महिन्याआड प्रवास. दोन्ही पर्याय कागदावर मांडूनच निर्णय घ्या. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होतं. शाळेच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक हाती आल्याबरोबर तारखा मोजून ठेवा, दसरा-दिवाळीची तिकिटं पहिल्या दिवशीच जातात.

गॅस, किराणा, गाडी

गावचं गॅस कनेक्शन एजन्सीत जाऊन सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत परत घ्या आणि व्हाउचर सांभाळा. नव्या ठिकाणी त्यावरच कनेक्शन मिळतं, पण अनामत तिथे पुन्हा भरावी लागते. तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर पेट्रोलपंपावर ओळखपत्र दाखवून मिळतो. मागचं कनेक्शन घरच्यांच्या नावावर करून द्यायचं असेल तर निघण्याआधी करा, नंतर हेलपाटे होतात.

किराण्यात पैसा जातो तो सवयीपायी. दक्षिणेत नेहमीच्या दुकानात उकडा तांदूळ, बंगालकडे मोहरीचं तेल स्वस्त असतं आणि ज्वारी-बाजरी, शेंगदाणा तेल यांसाठी वेगळं दुकान शोधावं लागतं. उत्तर कर्नाटकात ज्वारीची चिंता नाही. साबुदाणा तर तामिळनाडूतल्या सेलमकडूनच आपल्याकडे येतो, तो कोल्हापुरातून बांधून नेऊ नका. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, आमसूल मात्र वर्षाचं न्या. चटकन मिळतील म्हणून जे सुपरमार्केटमध्ये घेतात ते दुप्पट पैसे मोजतात.

दुसऱ्या राज्यात आपल्या नंबरची गाडी बारा महिने चालते, त्याहून जास्त राहायचं तर नवा नंबर घ्यायचा. त्यासाठी इथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८), कर्ज असेल तर बँकेचंही. नव्या राज्यात गाडीच्या वयानुसार रोड टॅक्स आधी भरायचा आणि नंतर नव्या आरसीची प्रत दाखवून इथला परतावा मागायचा. मधले काही महिने दोन्ही कर तुमच्या खिशातले. कर्नाटकात हा कर चढा आहे. दहा-बारा वर्षं जुनी दुचाकी असेल तर ती विका आणि तिथे त्याच राज्याच्या नंबरची जुनी घ्या. रेल्वे पार्सलने पाठवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, आरसीची प्रत घेऊन जा. टाकीत पेट्रोल असेल तर पार्सल ऑफिस परत पाठवतं.

रुजू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत भरायचे कागद

आधी राज्य सरकारच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत एनपीएस असेल तर तुमच्याकडे प्रान क्रमांक आहेच. नव्या फॉर्मवर 'प्रान नाही' असं लिहून दुसरा काढला तर पुढे दोन खाती जोडायला वर्ष जातं. जुना क्रमांक द्या आणि आयएसएस-१ फॉर्म भरून खातं नव्या कार्यालयाकडे वळवा. खासगी शाळेतून आला असाल तर तिथून कार्यमुक्तीचा दाखला आणि नोटीस काळाचा हिशोब पूर्ण करून निघा.

स्वगावाची घोषणा सहा महिन्यांत करायची असते. हा कागद अनेक जण घाईत भरतात आणि तिथे सध्याचा भाड्याचा पत्ता टाकतात. स्वगाव म्हणून महाराष्ट्रातलं गाव आणि जवळचं रेल्वे स्टेशन लिहा, कारण ते पुढे एकदाच बदलता येतं आणि एलटीसी (रजेतल्या प्रवासाची सवलत) त्यावरच मिळते. नव्या कर्मचाऱ्याला पहिल्या आठ वर्षांत चार वर्षांच्या प्रत्येक गटात तीन वेळा स्वगावी आणि एकदा भारतात कुठेही जाता येतं, एक वर्षाची सलग नोकरी झाल्यावर. या लेव्हलना एसी टू-टियरचं भाडं मिळतं. गुवाहाटी किंवा कोचीहून चौघांचं येणं-जाणं यात निघालं तर वर्षाचे वीस-पंचवीस हजार वाचतात.

मुलांचा शिक्षण भत्ता प्रत्येकी महिना २,८१२ रुपये ५० पैसे, दोन मुलांपर्यंत, म्हणजे एका मुलामागे वर्षाला ३३,७५०. तो आपोआप येत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा दाखला जोडून मागावा लागतो, पावत्या लागत नाहीत. मूल महाराष्ट्रातच आजी-आजोबांकडे शिकत असेल तरी मिळतो. फक्त दाखल्यावर वर्ष आणि इयत्ता स्पष्ट हवी.

मुलाला आठवी-नववीत सोबत नेणार असाल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्याला अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी राज्यातूनच झालेली असण्याची सर्वसाधारण अट आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत, पण त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच दहावीची शाळा ठरवा.